गाठ कॅन्सरची नाही, टीबीचीही नाही, मग कशाची? ग्रॅन्युलोमॅटस मस्टायटिसच्या निदानाची वाट

बायोप्सीच्या टेबलावर मी आडवी पडले होते. भुलीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. सुई हातात घेण्याआधी मॅडमनी ट्रेकडे पाहिलं आणि सिस्टरना विचारलं, "डबी एकच का ठेवलीय?" सिस्टर म्हणाल्या, "फॉर्मॅलिनची आहे ना मॅडम." "ती राहू द्या. साध्या सलाईनची अजून एक आणा, निर्जंतुक."

त्या वेळी मला त्यातलं काही कळलं नाही. पण त्या दुसऱ्या डबीमुळे टीबीच्या औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स मी विनाकारण घेतला नाही. गोळ्यांची पाकिटं आणून झाली होती, फ्रिजवर ठेवली होती, सोमवारपासून सुरू करायच्या होत्या. हा लेख त्या दुसऱ्या डबीसाठी आहे म्हटलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. ग्रॅन्युलोमॅटस मस्टायटिस या स्तनाच्या आजारात वर्षभर काढलं, फाइल जाड झाली, आणि ओळखीतून दोन-तीन जणी "तुला काय झालं होतं गं नक्की?" म्हणून विचारायला आल्या. त्यांना सांगितलं तेच इथं क्रमानं लिहिते. तुमच्या औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. योग्य तपासणी योग्य क्रमानं व्हावी म्हणून काय विचारायचं, एवढंच मी सांगणार आहे.

आजार आहे तरी काय

दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे स्तनात द्राक्षाच्या घडासारखे बारीक पुंजके असतात, त्यांना लोब्यूल म्हणतात. या आजारात सूज त्या पुंजक्यांभोवती धरते. शरीराच्या संरक्षक पेशी एकमेकींना चिकटून छोटे गोळे करतात. तो गोळा म्हणजे ग्रॅन्युलोमा. एखादी गोष्ट शरीराला पचवताही येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, तेव्हा तिच्याभोवती ते असं कुंपण घालतं. टीबीच्या जंतूभोवती घालतं, बुरशीभोवती घालतं, आत राहिलेल्या टाक्याच्या दोऱ्याभोवतीही घालतं. इथं कुंपण दिसतं, पण आत काय आहे ते बहुतेक वेळा सापडत नाही. म्हणून पूर्ण नावात 'इडिओपॅथिक' हा शब्द येतो. कारण माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

केसलर आणि वोलॉक या डॉक्टरांनी १९७२ मध्ये हा आजार पहिल्यांदा वेगळा म्हणून नोंदवला. तेव्हाच त्यांनी म्हटलं होतं की बाहेरून तो कॅन्सरची नक्कल करतो. आपल्याकडे तो आणखी एका आजाराची नक्कल करतो, टीबीची. त्यामुळे इथल्या बाईला एकाच वेळी दोन मोठी नावं मागे टाकत जावं लागतं.

तो साधारण तिशीच्या आसपासच्या, मूल झालेल्या बायकांना होतो. बहुतेकदा शेवटच्या बाळंतपणानंतर पाचेक वर्षांच्या आत. दुर्मिळ आहे, पण तुर्कस्तान, इराण, भारत, चीन इथून त्याच्या नोंदी बऱ्याच आल्या आहेत. माझी धाकटी तीन वर्षांची होती आणि अंगावर पिणं सोडून तिला दीड वर्ष झालं होतं. म्हणूनच "दुधाची गाठ असेल" हे पहिल्या दिवशी सगळ्यांना पटलं, मलाही.

पहिली पायरी: घरी काय बघायचं, काय करायचं नाही

एका बाजूला टणक गाठ लागते. ती कडेला असते किंवा बोंडाजवळ सरकलेली असते. ठणकते. वरची कातडी लाल होते. काही आठवड्यांत एखादी जागा पिकते, फुटते आणि पू किंवा पातळ पाणी वाहू लागतं. एक भोक बंद होतं तोवर दुसरीकडे तोंड पडतं. बोंड आत ओढलं जाऊ शकतं, काखेत अवधाण येऊ शकतं. जोराचा ताप सहसा नसतो. एवढं मोठं गळू आणि अंगात ताप नाही, हे मला विचित्र वाटलं होतं. पण मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

अजून एक गोष्ट बायका सांगत नाहीत, कारण तिचा छातीशी काही संबंध असेल असं वाटतच नाही. नडगीवर लालसर, दुखऱ्या, कातडीखाली लागणाऱ्या गाठी येतात आणि घोटे-गुडघे धरतात. काही जणींना या आजारासोबत हे होतं. मी पायाला तेल चोळत बसले होते.

रोज नाही, पण आठवड्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. तारीख मोबाइल आपोआप टाकतोच. लाज वाटते, मान्य. पण डॉक्टर जेव्हा विचारतात "लाली वाढली का कमी झाली?", तेव्हा आठवणीपेक्षा फोटो बरा.

आता न करायच्या गोष्टी. गाठ दाबून पू काढायचा नाही. गरम विटेचा शेक, आंबेहळदीचा लेप, चुना-गुळ, कोणी सांगितलेला पाला, यातलं काही फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही. जोरात मालिश तर नाहीच. सासूबाईंनी प्रेमानं लेप केला होता आणि मी मुकाट्यानं लावला; दोन दिवसांनी पिवळ्या कातडीमुळे डॉक्टरांना लाली नीट दिसेना.

"दुखते ती गाठ कॅन्सरची नसते" हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. त्यावर विसंबू नका. दाहक प्रकारचा स्तनाचा कॅन्सरही लाल, गरम, सुजलेला आणि काही वेळा दुखरा असतो. लाली भराभर पसरत असेल आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसत असेल, तर वाट न बघता लगेच तपासून घ्या.

दुसरी पायरी: कोणाकडे आणि काय सांगायचं

सुरुवात घरच्या डॉक्टरांपासूनच होते. छातीला गळू म्हटल्यावर ते अँटिबायोटिकचा एक कोर्स देतात, आणि त्यात चूक काही नाही. चूक पुढे होते. आठ-दहा दिवसांत फरक नाही, म्हणून दुसरं अँटिबायोटिक, मग तिसरं. एका कोर्सनंतर गाठ तशीच असेल तर औषध बदलू नका, सोनोग्राफी करा. आणि टीबीची शंका मिटण्याआधी लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या जातीचं अँटिबायोटिक नको. ते टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं, त्यामुळे खरंच टीबी असेल तर तो काही काळ दबतो आणि तपासणीत सापडत नाही.

पुढचा डॉक्टर सर्जन, शक्यतो स्तनाच्या आजारांचं काम करणारा. आपल्याकडे बायका सवयीनं बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जातात. गाठीची तपासणी मात्र सर्जनच्या हातची.

तिथं जाताना कागदावर लिहून न्या: शेवटची डिलिव्हरी कधी झाली, अंगावर पाजणं कधी थांबलं, गर्भनिरोधक गोळ्या घेता का, घरात किंवा शेजारी कुणाला टीबी झाला होता का, छातीला मार लागला होता का, तंबाखू-सिगारेटची सवय आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गेल्या वर्षभरात कुठल्या गोळ्या घेतल्या.

गोळ्यांवर जरा थांबते. स्तनात दूध आणणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन. ते वाढलेलं असलं की हा आजार होण्याशी त्याचा संबंध दिसतो. काही औषधांमुळे ते वाढतं. मानसिक आजारासाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन हे त्यातलं ठळक नाव. पण डोम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड आणि लिव्होसल्पिराइड यांनीही वाढतं, आणि ही औषधं घराघरांत आहेत, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळून. पाकिटावर मोठ्या अक्षरात पोट शांत करणारं नाव, त्याखाली बारीक अक्षरात हे दुसरं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, "रोज सकाळी एक घेतली की बरं वाटतं" म्हणून घेतलेली. माझी तीच गत होती. डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का? मी म्हटलं नाही. ॲसिडिटीची गोळी हे औषध आहे असं माझ्या मनातच नव्हतं. डोम्पेरिडोन काही ठिकाणी बाळंतिणीला दूध वाढावं म्हणूनही देतात. म्हणून नावं आठवत बसू नका, रिकामी पाकिटंच पिशवीत घालून न्या. शतावरीचा डबाही न्या. मात्र मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, ती ज्यांनी दिली त्यांना विचारा.

तिसरी पायरी: सोनोग्राफी आणि तो बायरॅड्सचा आकडा

आधी सोनोग्राफी. पडद्यावर एक वेडावाकडा काळसर भाग दिसतो आणि त्याला बोटांसारखे किंवा नळ्यांसारखे फाटे फुटलेले असतात. ही खूण अनुभवी रेडिओलॉजिस्टला या आजाराकडे नेते. पण कॅन्सर नाही असं सोनोग्राफी ठामपणे सांगू शकत नाही. वयानुसार मॅमोग्राफीही करतात. तरुण वयात स्तनाची ठेवण दाट असल्यानं त्यात अनेकदा नुसता धूसर पांढरा पट्टा दिसतो. एमआरआयनं सूज कुठवर पसरली ते कळतं, पण ती कशाची आहे हा प्रश्न त्यानंही नक्की सुटत नाही.

रिपोर्टच्या तळाशी बायरॅड्स नावाचा आकडा असतो. माझा चार होता. मी तो रिक्षात वाचला आणि चौथी स्टेज समजून घरी येईपर्यंत रडत होते. बायरॅड्सचा आकडा स्टेज नव्हे. चार म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही, म्हणजेच "फोटोवरून सांगता येत नाही, तुकडा तपासा". या आजाराच्या बऱ्याच जणींना चारच मिळतो. रिपोर्ट एकटीनं वाचू नये हा माझा वैयक्तिक सल्ला.

चौथी पायरी: तुकडा कसा घ्यायचा आणि कशात ठेवायचा

सगळं निदान या पायरीवर उभं आहे, म्हणून इथं हात आखडता घेत नाही.

पहिल्या हॉस्पिटलात माझी एफएनएसी झाली होती. ती बारीक सुईची तपासणी, त्यात नुसत्या पेशी ओढून काचेवर पसरतात. रिपोर्ट आला, 'ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन'. तिथल्या डॉक्टरांनी तो वाचला आणि एकेटी लिहून दिलं, म्हणजे टीबीची औषधं. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की टीबी मनात येतोच, यायलाही हवा. पण पेशी सुट्या काढल्या की घराच्या विटा मिळतात, घराचा नकाशा मिळत नाही. ग्रॅन्युलोमा लोब्यूलच्या भोवती आहेत का, मध्ये सडलेला भाग आहे का, हे अखंड तुकड्यातच दिसतं.

त्यासाठी कोअर बायोप्सी हवी. ही जाड सुई असते, साधारण १४ गेजची. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, वेगवेगळ्या कोनांतून चार ते सहा बारीक लांबट तुकडे काढतात. खटका दाबल्यासारखा आवाज होतो, त्यानं दचकायला होतं. दुखत फारसं नाही. त्याच दिवशी घरी जाता येतं. निदानासाठी मोठं ऑपरेशन करून गाठच काढायची गरज सहसा नसते. कुणी थेट "गाठ काढून टाकू, मग बघू" म्हणालं, तर आधी कोअर बायोप्सी होईल का, हे नम्रपणे विचारा.

आता डब्या. पेशींच्या तपासणीसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो सडत नाही. पण फॉर्मॅलिन जंतूंनाही मारतं. त्या डबीतला तुकडा टीबीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला, पाठवता येत नाही, कारण मेलेला जंतू वाढणार कसा? म्हणून दोन-तीन तुकडे फॉर्मॅलिनमध्ये आणि किमान एक-दोन निर्जंतुक सलाईनच्या डबीत गेले पाहिजेत. सगळेच फॉर्मॅलिनमध्ये पडले तर पुन्हा सुई टोचून घेण्याला पर्याय उरत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या वहिनीचं तेच झालं.

तेव्हा बायोप्सीच्या आदल्या दिवशी फोनवर किंवा त्या सकाळी समोर, एवढंच विचारायचं (सीबीनॅट म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी): "मॅडम, एक तुकडा सलाईनमध्ये टीबीच्या सीबीनॅट आणि कल्चरसाठी पाठवणार ना?" याचा राग कुणाही चांगल्या डॉक्टरला येत नाही.

पू असेल तर तोही नुसता गॉजला पुसून टाकू नये, सुईनं ओढून तपासणीला द्यावा. त्याच्या कल्चरबद्दल एक बारकावा आहे. 'कोरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेड्टी' नावाचा जंतू या आजाराच्या काही जणींमध्ये सापडतो. तो चरबीवर जगतो, नेहमीच्या थाळीत फार सावकाश वाढतो, म्हणून दोन दिवसांत "काही वाढलं नाही" असा रिपोर्ट येतो. आणि वाढला तरी या घराण्याचे जंतू कातडीवर नेहमीच असतात, त्यामुळे "कातडीवरचा मळ" म्हणून तो सोडून दिला जातो. मागणीच्या कागदावर डॉक्टरांनी "ग्रॅन्युलोमॅटस मस्टायटिसची शंका, कोरिनेबॅक्टेरियमसाठी थाळी जास्त दिवस ठेवावी" एवढी ओळ लिहिली तर लॅबवाले वेगळ्या नजरेनं बघतात.

गळू मोठं असेल तर सुईनं पू काढणं चीर देण्यापेक्षा बरं पडतं. माझ्या पहिल्या हॉस्पिटलात चीर दिली, वात भरली, आणि ती जखम दोन महिने भरली नाही. रोज ड्रेसिंग, रोज ब्लाउजला डाग, शाळेत ओढणी सावरत उभं राहायचं. या आजारात चिरेच्या जागी वाहतं तोंड राहून जाण्याची खोड असते.

पाचवी पायरी: रिपोर्ट वाचताना

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो. त्यात पुढचे शब्द शोधा आणि डॉक्टरांशी त्यांवर बोला.

मॅलिग्नन्सी आढळली नाही, हे वाक्य आधी. मग 'लोब्यूलोसेंट्रिक' किंवा 'लोब्यूलभोवती' असा उल्लेख. हा या आजाराच्या बाजूनं मोठा पुरावा. 'नॉन-केसिएटिंग' म्हणजे मधला भाग चिजासारखा सडलेला नाही. असं सडणं टीबीत ठळक असतं, पण प्रत्येक टीबीत असतंच असं नाही. ग्रॅन्युलोमाच्या मधोमध छोट्या रिकाम्या पोकळ्या आणि त्यांभोवती पुवाच्या पेशी, असं वर्णन असेल तर तो वर सांगितलेल्या कोरिनेबॅक्टेरियमशी जोडलेला प्रकार असू शकतो. शेवटी रंगांच्या तपासण्या: टीबीसाठी झील-नील्सन, बुरशीसाठी पीएएस किंवा सिल्व्हर. या केल्याच नसतील तर त्याच तुकड्यावर नंतरही करता येतात. फक्त मागाव्या लागतात.

'सजेस्टिव्ह ऑफ' आणि 'क्लिनिकल कोरिलेशन' या शब्दांनी वैताग येतो. पण ती टाळाटाळ नव्हे. काचेवर दिसलेल्या ग्रॅन्युलोमामागचं कारण पॅथॉलॉजिस्ट एकटा सांगू शकत नाही. रिपोर्टवर 'ग्रॅन्युलोमा' आला म्हणजे उत्तर आलं असं मी समजत होते. खरं तर तिथं प्रश्न नीट मांडला गेला होता.

शंका असेल तर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. ते तुमचेच आहेत. मोठ्या केंद्रात, उदाहरणार्थ मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला, ते पुन्हा तपासून घेता येतात. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

सहावी पायरी: टीबीला बाजूला करणं

स्तनाचा टीबी ही कल्पनेतली गोष्ट नाही. ॲस्टली कूपर या इंग्रज सर्जननं १८२९ मध्ये त्याची नोंद केली होती, आणि आपल्याकडे तो आजही दिसतो. दोन्ही आजार त्याच वयाच्या बायकांना, तशीच गाठ, तसंच वाहतं तोंड घेऊन येतात. म्हणून "टीबी नसेलच" असं धरून चालणंही तितकंच चुकीचं.

सलाईनमधल्या तुकड्यावर दोन तपासण्या होतात. सीबीनॅटमध्ये टीबीच्या जंतूचा जनुकीय ठसा शोधतात, आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देईल का हेही कळतं. मशीनचं काम दोनेक तासांचं. सरकारी टीबी केंद्रातून ही तपासणी मोफत होते. ती पॉझिटिव्ह आली तर प्रश्न बऱ्यापैकी मिटला. निगेटिव्ह आली तर मात्र पूर्ण मिटला असं नाही, कारण स्तनाच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात. म्हणून सोबत कल्चर. द्रव माध्यमातल्या कल्चरचा निगेटिव्ह रिपोर्ट द्यायला ४२ दिवस थांबतात. हे सहा आठवडे अंगावर येतात. जवळचे सगळे विचारत राहतात, "अजून रिपोर्ट नाही? लॅब बदल."

मॅन्टू टेस्टवर, म्हणजे हातावर टोचून बघायच्या टीबीच्या तपासणीवर, कुणी एकेटी सुरू करत असेल तर थांबून विचारा. हातावरची ती गाठ टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच सांगते, आणि आपल्या देशात ती कितीतरी निरोगी माणसांची पडलेली असते. रक्तावर होणाऱ्या इग्रा टेस्टचंही तेच. परदेशात राहणाऱ्या मराठी बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिथं इग्रा पॉझिटिव्ह आली की जुना टीबीचा संपर्क कळतो, छातीतली गाठ टीबीची आहे हे सिद्ध होत नाही. छातीचा एक्स-रे मात्र करावा; फुफ्फुसात काही दिसलं तर दिशा बदलते.

मग राहतो तो आपल्याकडचा जुना रिवाज: "एकेटी देऊन बघू, बरं वाटलं तर टीबी होता." या तर्कात दोन भोकं आहेत. हा आजार पुष्कळदा सहा महिने ते वर्षभरात आपोआप ओसरतो, म्हणजे कोर्स आणि बरं वाटणं हा नुसता योगायोग असू शकतो. दुसरं, एकेटीतलं रिफॅम्पिसिन कोरिनेबॅक्टेरियमवरही काम करतं. गाठ उतरली म्हणून टीबी ठरत नाही. आणि चार औषधांचा भार यकृतावर पडतोच.

उलटी चूक त्याहून वाईट. ग्रॅन्युलोमॅटस मस्टायटिस समजून स्टिरॉईड दिलं आणि आत टीबी निघाला, तर तो भडकतो. त्यामुळे मला मॅडमनी आधी नुसतं थांबवलं. कल्चर येईपर्यंत वेदनाशामक, ड्रेसिंग आणि दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. काही न करता थांबायला सांगणारा डॉक्टर रुग्णाला आवडत नाही. मलाही आवडल्या नव्हत्या.

कधी कधी सगळं निगेटिव्ह असूनही डॉक्टर टीबीच्या बाजूनं कौल देतात: घरात टीबीचा रुग्ण, काखेत सडलेल्या गाठी, तुकड्यात केसिएशन. तो निर्णय योग्य असू शकतो. फक्त "कशावरून?" हे विचारून घ्या आणि उत्तर फाइलमध्ये लिहून मागा.

सोबतच्या रक्ततपासण्या

साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी. पुढे स्टिरॉईड द्यावं लागलं तर हे आधी माहीत हवं. प्रोलॅक्टिनसाठी सकाळी, पण उठल्या उठल्या नाही, दोनेक तासांनी आणि शांत बसून रक्त द्यायचं. धावतपळत जिना चढून गेलं की आकडा वाढलेला येतो. सोबत थायरॉईड, कारण थायरॉईड कमी असलं तरी प्रोलॅक्टिन चढतं. डोळे लाल, नाकातून रक्त, दम लागणं असं काही असेल तर सार्कॉइडोसिस (यात फुफ्फुसासारख्या इतर अवयवांतही असेच ग्रॅन्युलोमा होतात) किंवा रक्तवाहिन्यांच्या सुजेचे आजार डॉक्टर तपासतील. माझं प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. ॲसिडिटीची ती कॅप्सूल बंद करून महिन्याभरानं पुन्हा पाहिलं तर खाली आलं होतं. गाठ त्यामुळेच झाली असं मॅडम ठामपणे म्हणाल्या नाहीत. मीही म्हणत नाही.

निदान झाल्यावर, थोडक्यात

त्रास कमी असेल तर नजर ठेवून थांबणं हा खरोखरचा उपचार आहे. जास्त असेल तर स्टिरॉईड: गोळ्या, किंवा थेट गाठीत इंजेक्शन, किंवा वरून मलम. गोळ्या हळूहळू कमी करतात, एकदम बंद करायच्या नाहीत. कोरिनेबॅक्टेरियम सापडला तर चरबीत शिरणारी डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक बरेच आठवडे. स्टिरॉईड सोडताच गाठ परत येत असेल तर मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. ती चालू असताना गर्भ राहता कामा नये आणि अंगावर पाजायचंही नाही. मोठं ऑपरेशन शेवटी, आणि सूज शांत असताना.

मला कल्चर निगेटिव्ह आल्यावर कमी मात्रेत स्टिरॉईड दिलं. पहिली लाली ते शेवटचं तोंड बंद होणं, सगळे मिळून अकरा महिने. फ्रिजवरची पाकिटं, न फोडलेली, मेडिकलवाल्यांनी परत घेतली.

घरात विचारले जाणारे प्रश्न

हा आजार पसरत नाही. ताट-वाटी वेगळी करायची नाही, लेकराला जवळ घ्यायला भ्यायचं नाही. टीबीची शंका असताना आमच्याकडे माझा तांब्या आठवडाभर वेगळा होता. कुणी ठरवून केलं नव्हतं, आपोआप झालं. स्तनाचा टीबी असला तरी, फुफ्फुसात टीबी नसेल तर तो खोकल्यातून पसरत नाही.

याचा पुढे कॅन्सर होतो असं दिसलेलं नाही. पण कॅन्सरपासून सूटही मिळत नाही, तो ज्याला जसा व्हायचा तसा होऊ शकतो.

बाळ अंगावर पीत असतानाच गाठ आली तर दुसऱ्या बाजूनं पाजता येतं. या बाजूचं काय करायचं ते औषधांवर आणि जखमेवर ठरतं, डॉक्टरांना विचारा. पुढचं बाळंतपण होऊ शकतं. मात्र गाठ परत येऊ शकते, त्याच बाजूला किंवा दुसऱ्या. माझ्या दुसऱ्या बाजूला दीड वर्षानं एक कठीण जागा लागली तेव्हा मी "तेच असणार" म्हणून घरी बसले नाही, सोनोग्राफी केली. साधी गाठ निघाली, फायब्रोॲडिनोमा. आधीच्या आजाराच्या नावावर नवी गाठ खपवायची नाही.

फाइलमध्ये हे कायम ठेवा: सोनोग्राफीच्या फिल्म, पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट आणि स्लाइडचा नंबर, टीबी कल्चरचा रिपोर्ट, घेतलेल्या औषधांच्या तारखा. आजार बरा झाला तरी आत व्रण राहतो, आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफीला जाल तेव्हा तो व्रण गाठीसारखा दिसेल. मशीनवर उभं राहण्याआधी तंत्रज्ञ बाईंच्या हातात जुना रिपोर्ट द्या आणि बाजू सांगा, डावी की उजवी.